ब्रॉयलरचे लंगडणे आणि हाडांतील जिवाणूसंसर्ग: पाण्यात औषध सोडण्याआधी हाड उघडून पाहा

कृष्णाकाठ:

पाचव्या आठवड्यात शेडमध्ये ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेले कोंबडीचे पक्षी, लंगडू लागले की आपल्याकडे साधारणपणे दोनच निदाने ऐकू येतात. एक तर कॅल्शियम कमी पडले असे म्हणून पाण्यातून कॅल्शियम आणि डी-३ जीवनसत्त्व सुरू होते, नाहीतर वजन पायांना पेलत नाही असे म्हणून विषय तिथेच संपवला जातो. करार पद्धतीच्या शेडवर पशुवैद्य म्हणून काम करताना मी जे लंगडे पक्षी कापून पाहतो, त्यांतील पुष्कळांत कारण तिसरेच निघते. मांडीच्या हाडाचे खुब्याकडील टोक किंवा नडगीच्या हाडाचे गुडघ्याकडील टोक जिवाणूंच्या संसर्गाने कुजलेले असते. या आजाराला पूर्वी ‘फिमोरल हेड नेक्रोसिस’ म्हणत; आता ‘बॅक्टेरियल कॉन्ड्रोनेक्रोसिस विथ ऑस्टिओमायलायटिस’, थोडक्यात बीसीओ, असे म्हणतात, कारण तो मांडीच्या हाडापुरता मर्यादित नाही. त्याविषयी मराठीत फारसे लिहिलेले नसल्यामुळे हा धागा काढत आहे.

हाडात जिवाणू पोहोचतात कसे, हे समजले की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. हॅचरीतून येणारे पिल्लू साधारण ४० ग्रॅमचे असते आणि सहा आठवड्यांच्या आत ते दोन किलोच्या पुढे जाते, म्हणजे त्याचे वजन किमान पन्नासपट होते. या काळात पायाची हाडे लांबीला वाढतात ती त्यांच्या टोकाजवळच्या कूर्चेच्या थरातून, ज्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. वाढ इतक्या झपाट्याने होते की कूर्चेच्या पेशींची उतरंड उंच होत जाते, तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांवर ताण येतो, आणि खुब्यावर व गुडघ्यावर पडणाऱ्या भारामुळे त्या कूर्चेत डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. त्याच जागी केशवाहिन्यांची टोके अर्धवट उघडी असतात आणि रक्ताचा वेग मंदावलेला असतो. आतड्यातून, श्वासनलिकेतून किंवा न सुकलेल्या बेंबीतून रक्तात उतरलेले जिवाणू या टोकांतून बाहेर पडून भेगांमधल्या उघड्या कूर्चेला चिकटतात. तेथे गुठळ्या होऊन रक्तपुरवठा आणखी तुटतो, ऊती मरते आणि मेलेल्या ऊतीत जिवाणूंची वाढ जोमाने होते.

पाण्यातून दिलेले अँटिबायोटिक या जागेपर्यंत पुरेशा प्रमाणात का पोहोचत नाही, याचेही उत्तर इथेच आहे, कारण औषध रक्तातून जाते आणि रक्ताचा रस्ताच बंद झालेला असतो. पक्षी लंगडताना दिसतो तोपर्यंत हाडातला नाश पुढच्या टप्प्याला गेलेला असतो. ३५ व्या दिवसानंतर नजरेला येणाऱ्या या आजाराचे बीज बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पडलेले असते, हे माझ्या सांगण्याचे मुख्य सूत्र आहे.

निळवंडे:

माहिती उत्तम आहे. आमच्या भागात अशा पक्ष्याला ‘पायाला बसलेला’ म्हणतात. तो खाद्याच्या भांड्यापर्यंत रांगत जातो, चालताना एक पंख जमिनीला टेकवून तोल सावरतो आणि दोन पावले टाकून पुन्हा बसतो. सुपरवायझर आले की पाण्यात सोडायचे औषध लिहून देतात आणि पुढच्या शेडवर जातात. माझा प्रश्न असा आहे की शेडवाल्याने स्वतः कापून पाहायचे ठरवले, तर नेमके काय पाहायचे आणि साध्या सांधेसुजीपासून हा आजार वेगळा कसा ओळखायचा?

कृष्णाकाठ:

पंख टेकवून चालण्याचे निरीक्षण अगदी नेमके आहे. हे लक्षण दिसले की बीसीओचा विचार आधी करावा.

कापताना मेलेला, फुगलेला पक्षी घेऊ नये. लंगडणारा जिवंत पक्षी मान मोडून लगेच कापावा. मांडीच्या आतल्या बाजूची कातडी व स्नायू सुरीने मोकळे करून खुब्याचा सांधा उघडावा. निरोगी पक्ष्यात मांडीच्या हाडाचे गोल डोके पांढऱ्या, चकचकीत कूर्चेच्या टोपीसह खोबणीतून बाहेर येते. बीसीओ असेल तर ती टोपी बऱ्याचदा खोबणीतच अडकून राहते आणि बाहेर आलेले हाडाचे टोक खडबडीत, पिवळसर-तपकिरी दिसते व नखाने दाबल्यावर भुगा होते. येथे एक काळजी घ्यावी लागते. मांडी जोरात मुरगाळून ओढली तर निरोगी पक्ष्याचीही टोपी निघू शकते, म्हणून केवळ टोपी निघाली एवढ्यावर निदान करू नये. खालच्या हाडाचा रंग आणि घट्टपणा पाहावा.

त्यानंतर नडगीचे हाड स्वच्छ करून गुडघ्याच्या बाजूने धारदार सुरीने उभे चिरावे. बहुतेक जण ही पायरी गाळतात, आणि निम्मे निदान तिथेच निसटते, कारण खुबा चांगला दिसत असूनही नडगीच्या टोकात ग्रोथ प्लेटच्या खाली पिवळा, चीजसारखा पदार्थ भरलेला किंवा हाड विरघळून पोकळी झालेली आढळते. दोन्ही पाय पाहावेत. पक्षी उजव्या पायाने लंगडत असला तरी डाव्या पायातही बऱ्याचदा जखम सुरू झालेली असते, आणि मुळीच न लंगडणाऱ्या पक्ष्यांतही तिच्या सुरुवातीच्या खुणा सापडतात.

आता इतर आजारांविषयी. ग्रोथ प्लेटच्या खाली पांढऱ्या, स्वच्छ, रबरासारख्या कूर्चेचा गोळा दिसला तर तो टिबियल डिसकॉन्ड्रोप्लेझिया असतो. त्यात पू किंवा कुजका भाग नसतो, मात्र तीच कमकुवत कूर्चा पुढे जिवाणूंना जागा देऊ शकते. हाडे वाकत असतील आणि चोच रबरासारखी लवचीक झाली असेल तर मुडदूस समजावा, आणि अशा वेळी कॅल्शियम, फॉस्फरस व डी-३ चा विचार योग्य ठरतो. घोट्याचा सांधा सुजून त्यामागचे कंडरे (स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर) जाड झाले असतील किंवा तुटले असतील तर रिओ विषाणूची शंका घ्यावी. घोटा आणि तळपाय दोन्ही सुजले असतील तर मायकोप्लाझ्मा सायनोव्ही हा जिवाणू तपासावा. एकाच शेडमध्ये यांपैकी दोन आजार एकत्र असणे दुर्मीळ नाही, म्हणून एक पक्षी कापून थांबू नये.

ओझार्क:

मी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात कुक्कुटविज्ञानाचे शिक्षण घेत आहे आणि या आजारावर जगातले बरेच मूलभूत काम इथल्या विद्यापीठात झाले आहे, म्हणून थोडी भर घालतो.

रॉबर्ट वाइडमन यांनी येथे तारेच्या जाळीच्या फरशीवर ब्रॉयलर वाढवण्याची प्रयोगपद्धत विकसित केली. जाळीवर पाय स्थिर राहत नाही, खुब्यावर आणि गुडघ्यावर पीळ पडतो, आणि तुसाच्या गादीवरच्या पक्ष्यांपेक्षा कितीतरी अधिक पक्षी लंगडे होतात. या प्रयोगातली विचार करायला लावणारी गोष्ट अशी आहे की पक्ष्यांना बाहेरून कोणताही जिवाणू द्यावा लागत नाही. जिवाणू पक्ष्याच्या अंगात आधीपासूनच असतात. हाडावरचा ताण वाढला की ते आपली जागा शोधतात. याच पद्धतीने घेतलेल्या चाचण्यांत पहिल्या दिवसापासून प्रोबायोटिक, म्हणजे आतड्याला उपकारक जिवाणू, दिलेल्या गटांत लंगडण्याचे प्रमाण कमी झाल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. आतड्याच्या अस्तराचा आणि हाडाच्या आजाराचा संबंध त्यातून ठळक झाला.

जिवाणूंविषयी सांगायचे तर जुन्या साहित्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे नाव प्रामुख्याने येते. आर्कान्सातल्या लंगड्या पक्ष्यांच्या हाडांतून मात्र स्टॅफिलोकॉकस ॲग्नेटिस हा जिवाणू मोठ्या प्रमाणावर मिळाला. या प्रजातीचे पहिले वर्णन २०१२ मध्ये गाईंच्या कासदाहाच्या नमुन्यांवरून झाले होते. तो पिण्याच्या पाण्यातून दिल्यावर पक्ष्यांच्या लंगडण्यात स्पष्ट वाढ झाली, म्हणजे तोंडावाटे गेलेला जिवाणू हाडापर्यंत पोहोचतो हे सिद्ध झाले. यांखेरीज ई. कोलाय आणि एन्टेरोकॉकस सेकोरम हेही नेहमी सापडतात.

स्टॅफिलोकॉकस ऑरियसबद्दलचे एक संशोधन शेडवर काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावे. एडिंबरा येथील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिले की कोंबड्यांत जगभर पसरलेला या जिवाणूचा एक मोठा वंश मूळचा माणसांमधला आहे. काही दशकांपूर्वी तो माणसाकडून कोंबडीत गेला, तिथे रुळला आणि उद्योगाबरोबर देशोदेशी पोहोचला. हॅचरीत पिल्लू हाताळणाऱ्या हातांची स्वच्छता ही त्यामुळे गंभीरपणे घेण्याची बाब आहे.

तूसगादी:

एन्टेरोकॉकस सेकोरमबद्दल कृपया विस्ताराने लिहावे. मागच्या थंडीत आमच्या शेजारच्या शेडमध्ये पक्षी दोन्ही पाय पुढे पसरून, घोट्यांवर बसलेले दिसत होते. खुबे उघडले तर स्वच्छ होते. कुणी मॅरेक्स (नसांवर परिणाम करणारा विषाणूजन्य आजार) म्हणत होते, कुणी खाद्यातले विष म्हणत होते.

कृष्णाकाठ:

हे वर्णन वाचून पाठीचा कणा पाहायला हवा होता असे वाटते. कोंबडीच्या छातीच्या भागातले बरेचसे मणके एकमेकांना जोडले गेलेले असतात, पण त्यांच्या आणि कमरेच्या जोडलेल्या हाडांच्या मध्ये एक मणका मोकळा असतो. शरीराचा सगळा भार आणि हालचाल त्या एका मणक्यावर येते. एन्टेरोकॉकस सेकोरमच्या रोगकारक जाती नेमक्या तिथे संसर्ग करतात, तिथे गाठ वाढते आणि मज्जारज्जू दाबला जातो. त्यामुळे पायांत काही दोष नसतानाही पक्ष्याचे पाय लुळे पडतात आणि तो तुम्ही लिहिल्याप्रमाणे बसतो. आतडी आणि मूत्रपिंडे काढून टाकल्यावर, फुफ्फुसांच्या पातळीवर कण्याच्या आतल्या बाजूला हरभऱ्याएवढी किंवा त्याहून मोठी गाठ हाताला लागते. ती उभी चिरली की आत पिवळसर कुजका भाग दिसतो.

कोंबडीच्या आतड्यात या प्रजातीच्या निरुपद्रवी जाती नेहमीच असतात, पण २००२ मध्ये स्कॉटलंड आणि नेदरलँड्समधून ब्रॉयलरमधील आजाराची नोंद झाली आणि त्यानंतर अनेक देशांत मोठे उद्रेक झाले. रोगकारक जाती पिलांच्या आतड्यात पहिल्या काही आठवड्यांतच ठाण मांडतात आणि रक्तात उतरतात. लुळेपणा मात्र कितीतरी उशिरा दिसतो. मॅरेक्समध्ये बहुधा एक पाय पुढे आणि एक मागे जातो, एका बाजूची मांडीतली नस जाड होते आणि ब्रॉयलरच्या विक्रीच्या वयापर्यंत तो सहसा दिसत नाही.

निळवंडे:

मग औषध द्यायचेच नाही का? करार पद्धतीत पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे आणि औषधही कंपनीचे असते. शेडवाल्याच्या हातात संगोपनाचा दर येतो आणि तो एफसीआर (एक किलो वजनासाठी लागलेले खाद्य) व मरतुकीवर ठरतो. लंगडा पक्षी ३० व्या दिवसापर्यंतचे खाद्य खाऊन बसतो, नंतर वजन वाढवत नाही, आणि लिफ्टिंगच्या, म्हणजे विक्रीसाठी पक्षी उचलण्याच्या, वेळी व्यापारी त्याला बाजूला काढतो. हे नुकसान सोसणाऱ्याला ‘औषधाचा उपयोग नाही’ एवढे सांगून भागत नाही.

कृष्णाकाठ:

तुमचे म्हणणे रास्त आहे आणि त्याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

ज्या पक्ष्याचे हाड कुजले आहे, तो औषधाने चालू लागेल अशी आशा धरू नये. त्याच शेडमधल्या, रक्तात जिवाणू असलेल्या पण अजून न लंगडणाऱ्या पक्ष्यांना योग्य अँटिबायोटिकचा काही काळ फायदा होऊ शकतो, परंतु औषध थांबले की नवे पक्षी पुन्हा बसू लागतात. विक्री तोंडावर आलेली असते आणि औषध मांसात उतरते, त्यामुळे औषध बंद केल्यापासून विक्रीपर्यंत ठरलेले दिवस सोडावेच लागतात. एन्रोफ्लॉक्सासिन आपल्याकडे सर्रास वापरले जाते. त्याच औषधाला अमेरिकेने कोंबड्यांसाठी २००५ मध्ये बंदी घातली, कारण माणसांना आजारी करणारे जिवाणू त्याला दाद देईनासे होत होते. भारतात कोलिस्टिनवर अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरिता जुलै २०१९ पासून बंदी आहे आणि ते कोणत्याही नावाच्या पुडीतून शेडवर येता कामा नये. हाडातून स्वॅब घेऊन जिवाणू वाढवला, त्यावर कोणते औषध चालते हे तपासले आणि मगच औषध निवडले, तर खर्च वसूल होण्याची शक्यता तरी राहते. अंदाजाने एकामागून एक तीन औषधे सोडणे हा पैशाचा आणि औषधांचा दोन्हींचा नाश आहे.

खरे काम पुढच्या बॅचच्या पहिल्या दहा दिवसांत करायचे असते. पिल्ले उतरवताना खोक्यातली काही पिल्ले उलटी करून बेंबी पाहावी. बेंबी काळी, ओली किंवा दोरा लोंबणारी असेल तर त्याची नोंद आणि छायाचित्र त्याच वेळी कंपनीकडे पाठवावे, कारण नंतर तो मुद्दा कुणी मान्य करत नाही. पिल्लू आल्याबरोबर गुळाचे पाणी देण्याची आपली पद्धत जुनी आहे आणि प्रवासाने थकलेल्या पिलाला त्याचा आधार मिळतो. मात्र तेच पाणी निपलच्या (पक्षी चोचीने दाबून पाणी पितो त्या तोटीच्या) नळीतून सोडले तर नळीच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर धरतो आणि त्या थरात जिवाणू आठवडेच्या आठवडे टिकतात. गूळ द्यायचाच असेल तर तो वेगळ्या भांड्यांतून काही तास द्यावा आणि भांडी धुऊन उचलावीत. दोन बॅचच्या मधल्या काळात नळी हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतली आणि बॅच चालू असताना शेवटच्या निपलपाशी २ ते ३ पीपीएम क्लोरीन मिळते आहे याची पट्टीने खात्री केली, तर पाण्याचा मोठा भाग निकाली निघतो. टाकीत क्लोरीन टाकले म्हणजे ते शेवटपर्यंत पोहोचले असे नसते. पाण्यातून लस द्यायच्या दिवशी मात्र क्लोरीन बंद ठेवावे लागते.

गंबोरो या विषाणूजन्य आजाराची लस वेळेवर आणि नीट झाली नाही तर प्रतिकारशक्ती खचते आणि हाडांचा संसर्ग बळावतो, त्यामुळे लंगडेपणाचा विचार करताना लसीकरणाचा तक्ताही उघडून पाहावा. कॉक्सिडिया या परजीवीमुळे किंवा क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूमुळे आतड्याचे अस्तर सोलवटले असेल तर जिवाणूंना रक्तात उतरायला वाट मिळते. ओली विष्ठा हा त्या अर्थाने पायांचाही प्रश्न आहे. तूस ओले असेल, अमोनिया डोळ्यांना झोंबत असेल आणि थंडीच्या भीतीने पडदे रात्रभर बंद असतील, तर श्वासमार्गातूनही हीच वाट उघडते.

मावळतीवारा:

प्रकाशाचा मुद्दा राहिला आहे असे मला वाटते. आमच्याकडे रात्रभर दिवे चालू ठेवण्याची सवय आहे, कारण पक्षी जेवढा खाईल तेवढे वजन होईल असे समजले जाते. आम्ही दुसऱ्या आठवड्यापासून रात्री सलग काही तास पूर्ण अंधार देतो. सुरुवातीला वजन किंचित मागे राहते, पण शेवटी भरून निघते आणि बसलेले पक्षी कमी राहतात. हे एका शेडवरचे निरीक्षण आहे.

कृष्णाकाठ:

तुमचे निरीक्षण संशोधनाशी जुळणारे आहे. ब्रिटनमध्ये ५१,००० ब्रॉयलरची चाल तपासून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरासरी ४० दिवसांच्या वयाला २७.६ टक्के पक्ष्यांची चाल खराब होती आणि ३.३ टक्के पक्षी जवळजवळ चालू शकत नव्हते. त्यात सगळी कारणे एकत्र होती, केवळ बीसीओ नव्हे. त्या अभ्यासातही अंधाराचे तास मिळालेल्या पक्ष्यांची चाल बरी होती. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत वाढ थोडी आवरली की कूर्चेला आणि रक्तवाहिन्यांना सावरायला अवधी मिळतो. उन्हाळ्यात मात्र आपल्याकडे पक्षी दुपारी खात नाहीत आणि रात्री खातात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये अंधाराचे तास ठरवताना तापमान पाहूनच निर्णय घ्यावा. ब्रिटनमधले अंधाराचे तास जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

तूसगादी:

लंगड्या पक्ष्यांचे करायचे काय? आमच्याकडे ते कोपऱ्यात वेगळे करून ठेवतात आणि लिफ्टिंगपर्यंत तसेच राहू देतात.

कृष्णाकाठ:

उठून पाण्यापर्यंत जाऊ शकणारा पक्षी वेगळ्या कप्प्यात, खाली ठेवलेल्या भांड्यांसह सांभाळता येतो. जो उठूच शकत नाही, त्याला त्याच दिवशी मान मोडून वेदनामुक्त करावे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल येथे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पक्ष्यांसमोर साधे आणि कार्प्रोफेन हे वेदनाशामक मिसळलेले, असे दोन रंगांचे खाद्य ठेवले होते. लंगड्या पक्ष्यांनी निरोगी पक्ष्यांपेक्षा वेदनाशामकाचे खाद्य जास्त खाल्ले, आणि लंगडेपणा जितका तीव्र तितके ते अधिक खाल्ले. त्या पक्ष्याला दुखते याविषयी यानंतर शंका घेण्याचे कारण उरत नाही, आणि दहा दिवस कोपऱ्यात ठेवून त्याच्याकडून मिळणारे वजन त्या दुखण्याची किंमत ठरू शकत नाही. बसलेला पक्षी इतरांच्या पायांखाली येतो, पाण्याविना सुकतो आणि गादीत जिवाणू सोडत राहतो, हेही लक्षात घ्यावे. असे पक्षी स्वस्तात विकणे किंवा घरी शिजवणे टाळावे, विशेषतः औषध चालू असताना. मेलेले पक्षी चुना टाकून खोल खड्ड्यात पुरावेत. ते कुत्र्यांना टाकू नयेत.

निळवंडे:

शेवटचा प्रश्न नमुन्याचा. तपासणीला काय न्यायचे आणि कुठे न्यायचे?

कृष्णाकाठ:

लंगडणारे, अजून औषध न दिलेले तीन-चार जिवंत पक्षी नेणे सर्वांत चांगले. ते शक्य नसेल तर पक्षी मारून दोन्ही पाय खुब्यासकट, कातडी न सोलता आणि सांधा न उघडता कापून घ्यावेत, स्वच्छ पिशवीत बांधून बर्फाच्या डब्यात ठेवावेत आणि त्याच दिवशी पोहोचवावेत. शेडवर उघडलेल्या हाडात तुसातले जिवाणू शिरतात आणि अहवालात भलतेच नाव येते. पाय गोठवू नयेत. पुणे भागातल्यांना औंधचा राज्य शासनाचा रोग अन्वेषण विभाग जवळ पडतो, साताऱ्याकडच्यांना शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. जाण्याआधी फोन करून नमुने कोणत्या वारी स्वीकारतात ते विचारून घ्यावे. सोबतच्या कागदावर पिलांचे वय, कोणत्या दिवशी पहिला पक्षी बसला, रोजची मरतूक, दिलेल्या लसी आणि आतापर्यंत पाण्यात सोडलेली सगळी औषधे लिहावीत. ‘जिवाणूंची वाढ आणि औषधांची संवेदनशीलता चाचणी’ असे स्पष्ट मागावे, आणि लुळे पडलेले पक्षी असतील तर कणा तपासण्याची विनंती त्याच कागदावर वेगळी लिहावी.